मिस्त्रींचं पहिलं पाणी

मिस्त्री इंजिन दातांनी ऐकायचे. थट्टा नाही करत मी. हातभर लांबीची शिसवीची काठी होती त्यांच्याकडं, माझ्याच हातची. तिचं एक टोक चालू इंजिनाच्या डोक्यावर टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. मिनिटाभरानं काठी काढून सांगायचे, "तिसऱ्या सिलिंडरची रिंग मोडलीया. खोला." खोलून बघावं तर तिसऱ्याचीच रिंग मोडलेली. उभा जन्म इंजिनांच्या दणदणाटात गेल्यामुळं त्यांचा उजवा कान पार गेला होता आणि डावा अर्धामुर्धा राहिला होता. गिऱ्हाईक घसा फोडून आपलं रडगाणं सांगत असायचं आणि हे शांतपणे विचारायचे, "पावणं, चहा घेनार न्हवं?" गिऱ्हाईक कपाळावर हात मारून घ्यायचं आणि चहा प्यायचं.

त्यांच्या बायकोला आम्ही गल्लीतले सगळे वहिनी म्हणायचो. वहिनींनी कधी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. शेडच्या मागंच त्यांचं घर. तिथं चुलीपुढं बसून त्या हळूच म्हणायच्या, "अहो, पीठ संपलंय." आणि इकडं दोन-दोन इंजिनं धडधडत असताना मिस्त्री म्हणायचे, "आनतो." मी एकदा न राहवून विचारलं, "मी कानाशी बोंबललेलं तुम्हाला कळत नाही आणि हे बरं ऐकू येतं?"

"तिचं दातात वाजतंय," म्हणाले.

मी त्यांच्या समोरच्या फौंड्रीत पॅटर्नवाला होतो. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो पॅटर्न. माझं वय तेव्हा तिशीच्या पुढं, पदरात दोन पोरं आणि डोक्यात राग. माझ्या कामाला कुणी नाव ठेवलेलं मला खपायचं नाही. मिस्त्रींना हे ठाऊक होतं. टर्नरनं दिलेली वस्तू ते कॅलिपर लावून चारदा मोजायचे, स्वतः कापलेली गास्केटसुद्धा दोनदा बघायचे. पण माझा पॅटर्न आला की नुसता हातात घेऊन खाली ठेवायचे. "तुज्या हाताला मी फूटपट्टी लावत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकलं की माझी छाती फुगायची. खोटं कशाला बोलू?

कोल्हापुरात त्या काळी जो तो उसाला पाणी पाजायच्या मागं. कुणाची विहीर, कुणाची नदीवरची मोटर. मिस्त्री इंजिन आणि पंप बसवायला गावोगाव जायचे. पंप बसवून झाला, इंजिन फिरायला लागलं आणि पाइपातनं पहिलं पाणी आलं की ते पाणी ओंजळीत धरून प्यायचे. गंज येवो, ग्रीस येवो, एकदा तर बेडकाचं पिल्लू आलं. शेतकरी बिचारा ओरडायचा, "अवो मिस्त्री, घान हाय ते!"

"माज्याच पंपाची घान हाय. मी न्हाय पिली तर तुज्या उसानं कशापायी प्यायची?"

पहिलं पाणी प्यायल्याशिवाय ते कुठल्याही विहिरीवरून हलले नाहीत. एका ठिकाणी पंप काही केल्या पाणी उचलेना, तर तिथं तीन दिवस मुक्काम ठोकला. त्या घरच्या म्हातारीनं शेवटी देवाला नवस बोलला, पाणी येऊ दे म्हणून नव्हे, हा पाव्हणा जाऊ दे म्हणून.

आणि खंडेनवमीला त्यांची शेड बंद. स्वतः मुसलमान माणूस, पण आदल्या दिवशी सगळे पाने, हातोडे रॉकेलनं धुऊन सतरंजीवर ओळीनं मांडून ठेवायचे. माझी बायको येऊन हळदकुंकू वाहायची. दिवसभर एकाही पान्याला हात लावू द्यायचे नाहीत. "हत्यारांस्नी बी सुट्टी लागती," म्हणायचे. एका खंडेनवमीला शेजाऱ्याच्या सायकलचा नट ढिला झाला तर तो त्यांनी हातानं आवळायला घेतला. बोट सोलपटलं, पण पान्याला हात लावला नाही.

आता असला हा माणूस, बेडकाच्या पिल्लासकट पाणी पिणारा, सासुरवाडीला गेला की पाणी प्यायचा नाही. लग्न असो, ईद असो, बारसं असो, हे आपला फिरकीचा तांब्या बरोबर घेऊन जायचे. जेवण तिथलं, पाणी मात्र आपलं. आधी सासरच्यांना राग आला, मग ते हसायला लागले, मग सवय झाली. हसल्या नाहीत त्या फक्त वहिनी. घरातली सगळी भांडी त्या घासायच्या, पण त्या तांब्याला हात लावायच्या नाहीत. तो मिस्त्री स्वतः चिंचेनं घासायचे.

त्याचं कारण सांगतो.

वहिनींचं माहेर नृसिंहवाडीच्या अलीकडं, कृष्णाकाठी. पावसाळ्यात नदी फुगली की त्या गावाचं बेट होतं. रस्ता पाण्याखाली, धारेला प्रचंड ओढ, म्हणून नाव जायची ती बुडालेल्या उसावरून. एका वर्षी भर पुरात भावाचा निरोप आला, अम्मीचं काही खरं नाही, बहिणीला घेऊन या. दोघं तसेच निघाले. काठावर गावची नाव होती, तिच्या मागं मोटर बसवलेली. नाव निघायची, उसात शिरायची आणि थांबायची. उसाचा पाला मोटरीच्या पंख्याला असा गुंडाळायचा की पंखा जाम. मिस्त्रींनी पाण्यात हात घालून पाला ओढून काढला, पंजे रक्तबंबाळ झाले. नाव परत काठाला. असं तीनदा झालं. तीनशे इंजिनं बसवलेला माणूस, पण एका पाल्यापुढं हात टेकले. चौथ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा दोघं पोचले. दफन पहिल्याच दिवशी झालं होतं.

वहिनी त्यांना काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मिस्त्रीच मला एकदा म्हणाले. मेहुण्यानं पाण्याचा गिलास पुढं केला तेव्हा त्यांनी तो घेतला नाही. म्हणाले, "हिला भर पुरात हितं आनून पोचवीन, त्या दिशी ह्या घरचं पानी पिईन." तेव्हापासून तो तांब्या.

वर्षं गेली. पंख्याचं मात्र त्यांच्या मनात बसलं. टेबलफॅनकडंसुद्धा रागानं बघायचे.

मग एका दुपारी ते फौंड्रीत धावत आले आणि मला सदऱ्याला धरून ओढतच बाहेर काढलं. मला वाटलं आग लागली. सायकलवर मागं बसवून नेलं ते थेट भंगारवाल्याच्या वाड्यात. तिथं तुटक्या ट्रॉल्यांच्या आणि बॉयलरच्या पत्र्यांच्या मधे एक बोट पडली होती. ॲल्युमिनियमची, चपट्या पोटाची, नाक पुढं काढलेली. कुठल्याशा धरणाच्या कामावर साहेबलोकांना फिरायला आणली होती म्हणे. काम संपलं, साहेब गेले, बोट भंगारात. आत आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, गंजून गच्च झालेलं. उंदरांनी त्यात संसार मांडलेला.

"पंखा दाव मला," मिस्त्री म्हणाले. "कुठं हाय दाव."

मी मागून बघितलं, खालून बघितलं. "चोरीला गेला असंल."

"गेला न्हाय! मुळातच न्हाय!" त्या दिवशी प्रथमच मी त्यांना नाचताना बघितलं. पन्नाशीचा माणूस, भंगारात, ग्रीसच्या पायजम्यावर.

मग त्यांनी मला बोटीखाली आडवं केलं आणि दाखवलं. पोटाला एक जाळी, जाळीच्या आत पंप. पंप खालून पाणी ओढतो आणि मागच्या तोंडातून जोरात फेकतो. त्या धक्क्यानं बोट पुढं पळते. पाण्यात बाहेर काहीच नाही. पाला गुंडाळायचा कशाला?

"आरं, ही आपल्या पंपाचीच भावकी! शेतात आपन पंपाला बोल्ट मारून जमिनीत गाडतो, म्हनून पानी पळतंय. बोल्ट काढ. मग पंप पळंल का न्हाय?"

मी म्हटलं, "पळंल." आता नाही कसं म्हणायचं? माझ्या पायाशी बसून तो माणूस असा बघत होता की मला नाही म्हणवेना.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बोट गल्लीत आली तेव्हा गल्ली लोटली. "मिस्त्री, नदी तिकडं हाय!" हा विनोद पहिल्या दिवशी मी चाळीस वेळा ऐकला असेल. मिस्त्रींना ऐकूच आला नाही, त्यांचं बरं होतं. सगळा हिवाळा आणि सगळा उन्हाळा बोट शेडमधे होती. आठही सिलिंडरना नवी लायनर आमच्या फौंड्रीत ओतली. पिस्टन गावातच केले. बोटीच्या अंगाला पडलेली भोकं ट्रकची बॉडी बांधणाऱ्या एकानं ठिगळं लावून, रिवेट मारून बुजवली. रंगवायला त्याचाच पेंटर आला. सकाळी निळा रंग देऊन झाला, मागच्या बाजूला नाव काय घालायचं म्हणून पेंटर विचारायला गेला. मिस्त्री म्हणाले, "नाव पानी पिल्यावर." पेंटरला काही कळलं नाही. त्याचा ब्रश मोकळा, समोर मोकळी मागची बाजू, आणि आयुष्यभर ट्रकच रंगवलेले. संध्याकाळी येऊन बघतो तर बोटीच्या ढुंगणावर पिवळ्या अक्षरात झोकदार लिहिलेलं, 'हॉर्न ओके प्लीज'.

मी पेंटरवर असा भडकलो! मिस्त्री मात्र पोट धरून हसले. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. हाताला सवय असती, त्यो काय करंल?"

ते मी तेव्हा ध्यानात धरायला पाहिजे होतं.

इंजिन शेडमधेच पहिल्यांदा सुरू केलं. आवाज असा झाला की पत्र्यावरची कबुतरं उडाली ती आठ दिवस परतली नाहीत. वहिनींच्या फळीवरच्या दोन कपबशा खाली आल्या. मिस्त्री काठी दातात धरून उभे, डोळे मिटलेले, मान डोलतेय. शेवटी काठी काढली आणि म्हणाले, "आठच्या आठ बोलत्यात." वहिनी मागच्या दारात फुटक्या बशा हातात घेऊन उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "भावजी, एवढ्या कष्टापेक्षा गुमान एक गिलास पाणी प्यायचं होतं. मी काय म्हणाले होते का त्यांना?" आणि मिस्त्रींनी तिकडून, त्या सगळ्या आवाजात, उत्तर दिलं, "तू म्हनाली न्हाईस म्हनूनच!"

आता माझं काम. पंपाच्या पोटात पात्यांची चकती फिरते, तिला आम्ही इंपेलर म्हणतो. पाणी ओढायचं आणि फेकायचं काम तिचंच. जुना इंपेलर वाळूगोट्यांनी खाऊन टाकला होता. पात्यांची नुसती खुंटं राहिली होती. त्यावरून मी सागवानाचा पॅटर्न करायचा, त्यावरून गनमेटलचा इंपेलर ओतायचा. मी करून दिला. मिस्त्रींनी हातात घेतला, खाली ठेवला. "तुज्या हाताला मी फूटपट्टी लावत न्हाय."

जून लागायच्या आधी एका सकाळी बोट पंचगंगेच्या घाटावर नेली. नदी संथ होती. घाटावर धुणी चाललेली, म्हशी पाण्यात, तालमीतले चार पैलवान अंघोळीला आलेले. बातमी फुटलेलीच होती, त्यामुळं पायऱ्यांवर जत्रा. नारळ मी फोडला, दुवा मिस्त्रींनी मागितली. वहिनी आल्या नव्हत्या. "चालली की मला न्यायला या," एवढंच म्हणाल्या होत्या.

मिस्त्रींचा नियम असा, की ज्यानं यंत्राला हात लावला त्यानं पहिल्या फेरीला यंत्राजवळ पाहिजे. मला पोहता येत नाही. म्हणून ट्रकची फुगवलेली ट्यूब कमरेत अडकवून मी बोटीत बसलो. लोकांचे एवढ्यावरच पैसे वसूल झाले असते.

मिस्त्रींनी इंजिन सुरू केलं. घाट हादरला. म्हशी उठून चालू लागल्या. एका म्हातारबुवांनी कानावर हात ठेवले. मिस्त्रींनी माझ्याकडं बघून मान हलवली आणि पंपाचा दांडा ओढला.

बोट थरथरली. मग मोठ्या थाटात, सगळ्या आठ सिलिंडरांचा दणदणाट करत, मागं निघाली.

पुढं नव्हे, मागं. आणि तीही बैलगाडीच्या चालीनं. लोकांकडं पाठ करून निघालेली बोट 'हॉर्न ओके प्लीज' दाखवत परत लोकांकडंच आली. क्षणभर कुणाला काही सुधरेना. मग जो हशा पिकला तो मला आज लिहितानासुद्धा ऐकू येतोय. अंघोळीला आलेल्या एका पैलवानानं एक हात लावून बोट थांबवली आणि ओरडला, "मिस्त्री, रिवर्स घावला की! आता फुडचा गेर हुडका!"

मिस्त्रींनी दांडा सोडला. काठी काढली, पंपावर टेकवली, दातात धरली. डोळे मिटले. मग डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. एकदाच.

आणि मला कळलं. आमच्याकडची पंपाची सगळी इंजिनं एका बाजूनं फिरतात. हे विलायती इंजिन उलट्या बाजूनं फिरायचं. मला ते माहीत होतं, मिस्त्रींनी दोनदा सांगितलं होतं, मी फळीवर खडूनं बाणसुद्धा काढला होता. पण पटाशी हातात घेतली आणि शेकडो इंपेलर कोरलेला माझा हात आपल्या नेहमीच्या वळणानं गेला. पाती उलटी कोरली गेली. पेंटरवर भडकणारा शहाणा तो मी.

मिस्त्री बोटीत उभे राहिले. ऐकू येत नसल्यामुळं ते मोठ्यानंच बोलायचे, त्यात आणखी आवाज काढला. "चूक माजी हाय! इंपेलरचा नकाशा मीच उलटा धरला! हसा, हसा! पन पुराच्या वक्ताला बगायला या!"

 ट्यूब कमरेत अडकवून मी ती चूक त्यांच्या नावावर जाऊ दिली. माझ्या आयुष्यात लाज वाटावी असे दिवस थोडेच आहेत, त्यातला तो एक.

ट्रॉली गल्लीत आली तेव्हा वहिनी दारात होत्या. बोटीकडं बघितलं, आम्हा दोघांच्या तोंडाकडं बघितलं आणि दोन ताटं वाढली.  मी उठलो आणि मिस्त्रींच्या डाव्या कानाशी जाऊन म्हणालो, "नकाशा कसला? नकाशा नव्हताच. माझ्या हातानं चूक झाली."

"ठाव हाय."

"मग तिथं खोटं का बोललात?"

ते भाकरी मोडत म्हणाले, "तिथं सारी फौंड्रीवाली उभी हुती. तुजी भाकरी तुज्या हाताच्या नावावर हाय. ते नाव गेलं तर उद्या कोन काम देईल? माजं काय, मला येडा म्हनायची सवय हाय लोकांस्नी."

मी तिथं रडलो. वहिनींनी पाण्याचा गिलास माझ्यापुढं सरकवला आणि आत गेल्या.

पण एवढ्यावर सोडतील तर ते मिस्त्री कसले! दुसऱ्या दिवशी त्यांनी तो उलटा इंपेलर काढला, शेडच्या तुळईला साखळीनं टांगला आणि माझ्या हातात हातोडी दिली. "जेवनाची घंटा. रोज बाराला तूच वाजवायचीस." वाजायचा मोठा गोड. पुढची कितीतरी वर्षं मी रस्ता ओलांडून जायचो आणि माझी चूक गल्लीभर वाजवून यायचो. अजून ती घंटा तिथंच आहे. आता त्यांचा पुतण्या शेड चालवतो.

पाऊस तोंडावर आलेला. नवा इंपेलर पुराच्या आत झाला नाही तर आणखी एक वर्ष तो फिरकीचा तांब्या. मी फौंड्रीत रजा टाकली. डाव्या मनगटावर निळ्या पेन्सिलीनं बाण काढला, हात धुतला की पुन्हा काढायचा. प्रत्येक पातं कोरण्याआधी मनगट बघायचं. बायको म्हणाली, कुणाची करणी आहे का काय? पाचव्या दिवशी पॅटर्न घेऊन मिस्त्रींकडं गेलो आणि त्यांच्यापुढं कॅलिपर ठेवला. "ह्या वेळी मोजा. माझी शपथ आहे."

त्यांनी पॅटर्न हातात घेतला आणि खाली ठेवला. कॅलिपर उचलून माझ्याच खिशात घातला. "तुज्या हाताला मी फूटपट्टी लावत न्हाय म्हनून सांगितलंय न्हवं? किती येळा सांगू?"

त्या माणसावर रागवावं की पाया पडावं, कळेना.

जुलैत पाणी चढलं. वहिनींच्या माहेरचा रस्ता बुडाल्याचं कळलं त्याच दिवशी सकाळी आम्ही निघालो. ट्रॉलीवर बोट, पुढं ट्रॅक्टरवर मिस्त्री, मागं मी आणि वहिनी. काठाला पोचलो. समोर जिकडं बघावं तिकडं लाल पाणी आणि त्यातून वर आलेले उसाचे शेंडे. पलीकडं उंचावर गाव. मला एकदम आठवलं, म्हणून विचारलं, "तांब्या कुठाय?"

"आनला न्हाय."

"आणि तहान लागली तर?"

"मग पोचायलाच पायजे."

मी ट्यूब घातली. वहिनी मधल्या फळीवर बसल्या, मांडीवर कापडात बांधलेलं गाठोडं. मिस्त्रींनी दांडा ओढला. खरं सांगतो, मी डोळे मिटले होते. मागं जाणार, पुन्हा मागं जाणार, असं मनात घोकत होतो. आणि माझी पाठ एकदम फळीवर आपटली. डोळे उघडतो तर बोटीनं नाक वर उचललेलं, मागं पाण्याचा फवारा आणि ऊस दोन्ही बाजूंनी सपासप मागं चाललेला. मी ओरडलो. काय ओरडलो ते सांगत नाही, वहिनी होत्या बोटीत.

अर्ध्या वाटेवर इंजिनाचा सूर बदलला. मला नाही कळला. एका हातानं सुकाणू धरून मिस्त्री दुसऱ्या हातानं काठी दाताला लावून बसले होते, त्यांना कळला. त्यांनी इंजिन बंद केलं. एकदम शांतता. नुसता पाण्याचा सळसळाट. "जाळी चोंदली," म्हणाले. उसाचा पाला पंपाच्या तोंडाच्या जाळीवर बसला होता. बोट हळूहळू वाहायला लागली, आणि शंभर पावलांवर नदीची धार होती, ती मला दिसत होती.

वहिनींकडं बघितलं. त्या उसाच्या शेंड्यांकडं बघत होत्या, चेहरा पांढरा पडलेला. त्या वर्षी नाव अडकली ती हीच जागा असणार, हे मला न सांगता कळलं.

मिस्त्रींनी फळीखालून लांब दांड्याचं दाताळं काढलं. ह्यासाठीच करून ठेवलं होतं. जाळीवरच्या झाकणातून आत घालून ओढलं. थोडा पाला आला. दुसऱ्यांदा ओढलं. मग दाताळं टाकून हातच आत घातला. तेव्हा वहिनी, आपल्या नेहमीच्या आवाजात, म्हणाल्या, "थांबा. पुन्हा हात फाडून घेऊ नका." गाठोड्याचं कापड सोडलं, पुढं सरकल्या आणि त्यांच्या पंज्याला गच्च गुंडाळून गाठ मारली. मिस्त्री लहान पोरासारखे हात पुढं करून बसले होते. तिसऱ्यांदा हात घातला तेव्हा पाल्याचा भला मोठा बोळा बाहेर आला. इंजिन सुरू झालं. बोट पुन्हा पळाली.

गावाच्या वरच्या पायऱ्यांना बोट लागली तेव्हा गाव काठावर आलेलं होतं. वहिनींचा भाऊ गुडघाभर पाण्यात उतरून पुढं आला. वहिनी उठल्या नाहीत. त्यांनी मिस्त्रींना विचारलं, "तेव्हा चार दिवस लागले होते. आज किती लागलं?"

मिस्त्रींनी खिशातलं घड्याळ काढलं. निघताना बघून ठेवलं होतं त्यांनी. "सतरा मिनटं. त्यात पाच जाळीत गेली."

वहिनींनी मान हलवली. भावाच्या हाताला धरून उतरल्या. "अम्मीला सांगून येते," म्हणाल्या, "आले म्हणून." आणि गावाच्या वरच्या अंगाला, कब्रस्तानाकडं, चालायला लागल्या.

मिस्त्री त्यांच्यामागं गेले नाहीत. बोटीतच बसले. मग काठी घेतली, इंजिनावर टेकवली, दातात धरली आणि डोळे मिटले.

मी म्हणणार होतो, मिस्त्री, इंजिन बंद आहे. तेवढ्यात त्यांच्या खांद्यांकडं लक्ष गेलं आणि मी तोंड फिरवून ऊस बघत बसलो.

बऱ्याच वेळानं वहिनी परत आल्या. डोळे लाल होते, पण चाल हलकी होती. येताना घरात जाऊन आल्या असाव्यात, कारण हातात पितळेचा गिलास होता, काठोकाठ भरलेला. भाऊ घ्यायला पुढं झाला तर त्याला दिला नाही. स्वतः पाण्यात उतरून बोटीपाशी आल्या आणि गिलास मिस्त्रींपुढं धरला.

मिस्त्रींनी काठी खाली ठेवली. कापड गुंडाळलेल्या हातानं गिलास घेतला आणि न थांबता, तोंड न काढता, सगळं पाणी प्यायले. मिशा पुसल्या.

"अजून मचूळच हाय की गं तुमच्या गावचं पानी!" म्हणाले, आणि गिलास वहिनींपुढं धरला. "आन, आनखी एक आन."